जॉर्डन ज्या घराण्यातून आला, तिथलं पहिलं नाव कुणाचं?

माझा भाचा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी गावात राहतो. रॅली, डरहॅम आणि चॅपेल हिल या तीन शहरांच्या मधल्या त्या पट्ट्यात आपली मराठी माणसं बरीच आहेत. गेल्या मार्चमध्ये त्याच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाद रंगला: नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून खेळलेला सर्वांत थोर बास्केटबॉलपटू कोण? भाच्याला वाटलं, यात वाद घालण्यासारखं आहे तरी काय! तो म्हणाला, "मायकेल जॉर्डन." दोघांनी नकारार्थी माना हलवल्या, एक बाई म्हणाल्या की पहिल्या पाचात असेल, आणि चौथ्यानं असं नाव घेतलं जे भाच्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. रात्री त्याचा मला फोन. "मामा, जॉर्डन त्यांच्याच कॉलेजात शिकला ना? मग ही माणसं असं का बोलतात?"

मी चाळीसेक वर्षं हा खेळ लांबून पाहतोय, वाचतोय. फोनवर दहा मिनिटांत ते सांगून होईना, म्हणून हे सगळं नीट लिहून काढलं.

आधी हा 'कॉलेज'चा खेळ म्हणजे काय

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना म्हटला की चार मित्र, दोन प्राध्यापक आणि मैदानाच्या कडेला ठेवलेला पाण्याचा पिंप डोळ्यांपुढे येतो. ते चित्र इथे पुसून टाकावं लागतं. चॅपेल हिलच्या विद्यापीठाचं बास्केटबॉलचं बंदिस्त स्टेडियम १९८६ मध्ये उघडलं आणि त्यात साडेएकवीस हजारांहून जास्त लोक बसतात. १९८२ चा कॉलेजांचा राष्ट्रीय अंतिम सामना न्यू ऑर्लिन्सला ६१,६१२ लोकांनी प्रत्यक्ष पाहिला. खेळणारे सगळे विद्यार्थी. त्यांना शिष्यवृत्ती मिळायची, पण खेळाचे पैसे नाहीत. ठरावीक वर्षं खेळायचं, पदवी घ्यायची, जमलं तर पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये जायचं.

वर्षभर आपापल्या गटात सामने होतात. नॉर्थ कॅरोलायनाचा गट 'एसीसी', १९५३ पासूनचा. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा. आता तिच्यात ६८ संघ असतात आणि एक सामना हरलं की घरी.

एका विद्यापीठाचा संघ, प्रशिक्षक, खेळायची पद्धत, जुने खेळाडू, ही सगळी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा मिळून जे होतं त्याला तिकडे 'प्रोग्राम' म्हणतात. आपल्याकडे त्याला अगदी चपखल शब्द आहे: घराणं. गाण्यातलं घराणं असतं तसं. गुरू असतो, शिष्य असतात, एक ठेवण असते, आणि बाहेर जाऊन कुणी कितीही नाव कमावलं तरी 'हा आमच्याकडे शिकला' हा अभिमान असतो. पुढे मी हाच शब्द वापरणार आहे. नॉर्थ कॅरोलायनाचं घराणं देशातल्या सर्वांत थोरांपैकी एक. आकाशी निळा रंग, टार हील्स हे नाव, आणि १९५७, १९८२, १९९३, २००५, २००९ व २०१७ अशी सहा राष्ट्रीय विजेतेपदं.

मग जॉर्डन पहिला का नाही?

कारण प्रश्न 'इथून गेलेला सर्वांत मोठा खेळाडू कोण' असा नाहीच. तसा असता तर भाच्याचं उत्तर बरोबर होतं आणि वाद एका मिनिटात संपला असता. प्रश्न आहे, 'इथे असताना कुणी सर्वांत मोठं काम केलं?'

मुंबईच्या रणजी संघाचा विचार करा म्हणजे फरक कळेल. पद्माकर शिवलकर भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत, पण प्रथम श्रेणीत त्यांनी ५८९ बळी घेतले. मुंबई संघाच्या थोरांची यादी करायला बसलं आणि त्यांना 'कसोटी नाही' म्हणून वगळलं, तर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कुणी आपल्याला बसू देणार नाही. ती यादी भारताची नसते, मुंबईची असते.

आता जॉर्डनची चॅपेल हिलमधली वही उघडू. विल्मिंग्टनचा हा मुलगा १९८१ मध्ये आला आणि तीन हंगाम खेळला. पहिल्या वर्षी सामन्यामागे १३.५ गुण. संघात त्याच्यापुढे दोघे होते, जेम्स वर्दी आणि सॅम पर्किन्स. दुसऱ्या वर्षी बरोबर २०, तिसऱ्या वर्षी १९.६. एकूण १,७८८ गुण. घराण्याच्या सर्वाधिक गुणांच्या यादीत हा आकडा पहिल्या दहातही बसत नाही. प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्याबद्दल एक जुना विनोद आहे की जॉर्डनला २० गुणांच्या खाली रोखू शकलेला जगातला एकच माणूस, तो म्हणजे स्मिथ. त्यांच्या पद्धतीत चेंडू सगळ्यांकडे फिरायचा. पंगतीत प्रत्येकाच्या पानात वाढलं जायचं, कुणा एकाच्या ताटात ढीग नाही.

तरीही जॉर्डनच्या बाजूनं जे आहे ते छोटं नाही. १९८२ चा तो अंतिम सामना, समोर जॉर्जटाउन, नॉर्थ कॅरोलायना एका गुणानं मागे, घड्याळात पंधरा-सतरा सेकंद. चेंडू डावीकडे एकोणीस वर्षांच्या जॉर्डनकडे आला आणि त्यानं उडी मारून टाकला. ६३-६२. स्मिथ वीस वर्षं प्रशिक्षक होते आणि हे त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. १९८४ मध्ये जॉर्डन देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. पदवी अपुरी ठेवून एनबीएत शिकागोच्या संघात गेला खरा, पण परत येऊन १९८६ मध्ये भूगोलाची पदवी पुरी केली. पण त्या १९८२ च्या अंतिम सामन्यात सर्वाधिक, २८ गुण वर्दीचे होते आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही तोच. लोकांच्या आठवणीत मात्र एकच फेक राहिली, आणि पुढे जॉर्डन जे झाला त्यामुळे ती आठवण वर्षागणिक मोठी होत गेली. मागच्या गोष्टीला पुढच्या यशाचं व्याज लागतं. कॅरोलायनाची जुनीजाणती मंडळी मान हलवतात ती या व्याजाला.

सरळ गुण मोजा ना! ज्याचे जास्त, तो मोठा

असं म्हटलं तर उत्तर तयार आहे: टायलर हॅन्सब्रो. २००५ ते २००९, चार वर्षं, २,८७२ गुण. भाच्याच्या ऑफिसातल्या चौथ्या माणसानं घेतलेलं नाव हेच. एनबीएत हा कधी तारा झाला नाही, सात हंगाम खेळला आणि तेही बहुधा बदली म्हणून, त्यामुळे अमेरिकेबाहेर त्याला कुणी ओळखत नाही. चॅपेल हिलमध्ये मात्र त्याची गोष्ट घराघरांत सांगतात. २००७ च्या मार्चमध्ये शेजारच्या ड्यूक विद्यापीठाशी सामना, जिंकणं जवळजवळ ठरलेलं, शेवटची पंधराएक सेकंद उरलेली, आणि प्रतिस्पर्ध्याचं कोपर याच्या नाकावर बसलं. तोंडभर रक्त घेऊन तो उठला तो थेट समोरच्याच्या दिशेनं निघाला आणि त्याला धरून आवरावं लागलं. पुढचे काही सामने मुखवटा लावून खेळला. २००८ मध्ये देशातले सर्वोत्तम खेळाडूचे सगळे मोठे पुरस्कार त्याला मिळाले. तेव्हाच एनबीएत जाऊन पैसे मिळवता आले असते. तो थांबला, कारण विजेतेपद राहिलं होतं. २००९ मध्ये डेट्रॉइटला मिशिगन स्टेटला ८९-७२ हरवून तेही झालं.

इतकं असूनही एकूण गुणांवर निकाल लावता येत नाही. कारण सगळ्यांना सारखी वर्षं मिळालेली नाहीत.

१९७२ च्या हिवाळ्यापर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळायची परवानगीच नव्हती. तो 'फ्रेशमन संघा'तून खेळायचा आणि ते गुण धरले जात नसत. म्हणजे १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खात्यात तीनच वर्षं. त्यानंतरच्यांना चार. कोविडमुळे विस्कळीत झालेल्या हंगामाच्या बदल्यात एक वर्ष जास्तीचं मिळालं, म्हणून अर्मांडो बेकॉट आणि आर. जे. डेव्हिस पाच-पाच वर्षं खेळले. डेव्हिस २,७०० च्या वर गुण करून हॅन्सब्रोच्या पाठोपाठ दुसरा आहे, आणि रिबाउंडमध्ये, म्हणजे हुकलेला चेंडू झेपावून ताब्यात घेण्यात, बेकॉट हॅन्सब्रोला मागे टाकून पहिला. उलट २००६ पासून एनबीएनं शाळेतून थेट येणाऱ्यांना दार बंद केलं तेव्हा एकच वर्ष कॉलेजात काढून निघून जाणाऱ्यांची रीत पडली. कोबी व्हाइट २०१८-१९ चा एक हंगाम खेळला आणि गेला. गुणी मुलगा, पण एका वर्षाच्या वहीत लिहून लिहून किती लिहिणार?

मग सरासरी काढा

काढू. हॅन्सब्रो १४२ सामन्यांत २०.२. जॉर्डन १७.७. फिल फोर्ड, ज्याच्याविषयी पुढे सांगतो, १८.६. चार्ली स्कॉट २२.१. आणि सर्वांत वर लेनी रोझेनब्लूथ: ७६ सामने, २,०४७ गुण, सरासरी २६.९. सत्तर वर्षं होत आली, चॅपेल हिलमध्ये ही सरासरी कुणाला ओलांडता आलेली नाही.

रोझेनब्लूथ न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला ज्यू मुलगा, उंच आणि काटकुळा. प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर स्वतः न्यूयॉर्कचे, त्यांनी तिकडून मुलं दक्षिणेत आणली. १९५६-५७ मध्ये हा संघ ३२ सामने खेळला आणि ३२ जिंकला. रोझेनब्लूथचे सामन्यामागे २८ गुण. उपांत्य सामना तीनदा जादा वेळ खेळून जिंकला आणि दुसऱ्याच रात्री अंतिम सामना, समोर कॅन्सस आणि त्यांचा सात फुटी विल्ट चेंबरलेन. मॅग्वायरनी सुरुवातीच्या उडीसाठी चेंबरलेनसमोर संघातला सर्वांत बुटका खेळाडू टॉमी कर्न्स उभा केला, सहा फुटांनाही कमी. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यात गोंधळ घालायचा, एवढाच हेतू. हाही सामना तीनदा जादा वेळेत गेला. सहा सेकंद असताना जो क्विगनं दोन फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या फेकी, टाकले, ५४-५३.

ते दोन फ्री थ्रो पडले तेव्हा रोझेनब्लूथ बाकावर बसला होता. पाच फाउल झाल्यामुळे नियमित वेळेतच तो बाहेर गेला होता, २० गुण करून.

आता या २६.९ शी हॅन्सब्रोचे २०.२ कसे लावायचे? जुन्या अकरावी मॅट्रिकचे साठ टक्के आणि आताच्या दहावीचे पंचाण्णव टक्के घरात शेजारी ठेवले तर आजोबा आणि नातू दोघेही रागावतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. पेपर वेगळा, तपासणारा वेगळा, वर्गात बसायला कुणाला मिळायचं तेही वेगळं. बास्केटबॉलचंही तसंच. लांबून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याचा नियम देशभरात १९८६-८७ ला आला. त्याआधी कितीही दुरून टाका, दोनच. १९६७ ते १९७६ या काळात डंक, म्हणजे उडी मारून चेंडू हातानं थेट कड्यात घालणं, यावर बंदी होती. आणि सर्वांत मोठा बदल शॉट क्लॉकचा: चेंडू हातात आल्यावर ठरावीक सेकंदांत तो टाकलाच पाहिजे. कॉलेजात हा नियम १९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचा आला, आता ३० सेकंद आहे. त्याआधी चेंडू कितीही वेळ धरून ठेवता यायचा. फेब्रुवारी १९७९ मध्ये ड्यूकविरुद्ध नॉर्थ कॅरोलायनानं तो इतका धरला की मध्यंतराला गुणफलक ७-० होता. सात ड्यूकचे, शून्य यांचं.

रोझेनब्लूथच्या आकड्याला आणखी एक जड बाजू आहे. त्या वर्षी एसीसीत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. मेरीलँडकडून बिली जोन्स खेळला तो १९६५ मध्ये, त्या गटातला पहिला. म्हणजे १९५७ ला गटातल्या सामन्यांत रोझेनब्लूथसमोर उभे राहायची ज्यांची लायकी होती त्यातल्या कित्येकांना दारातूनच आत घेतलं नव्हतं. यात त्याचा दोष काडीचाही नाही. पण आकडा वाचताना हे विसरणं मला बरोबर वाटत नाही.

पुरस्कार तरी निष्पक्ष असतील

नॉर्थ कॅरोलायनानं हा प्रश्न आपल्या परीनं सोडवला आहे. स्टेडियमच्या छतापाशी जर्सी टांगलेल्या असतात. बऱ्याच जणांच्या जर्सीचा 'सन्मान' झालाय. पण नंबर 'निवृत्त' करायचा, म्हणजे पुन्हा कुणाला द्यायचाच नाही, तर कसोटी एकच: तो खेळाडू देशातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हवा. असे आठ जण. जॅक कॉब, जॉर्ज ग्लामॅक, रोझेनब्लूथ, फोर्ड, वर्दी, जॉर्डन, अँटवान जेमिसन, हॅन्सब्रो. कॉब १९२० च्या दशकातला, त्याच्या जर्सीवर नंबरच नव्हता.

ग्लामॅकबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९४० आणि १९४१, दोन वर्षं देशातला सर्वोत्तम. डोळ्याला इजा झाल्यामुळे त्याला कडं अंधुक दिसायचं. तो जमिनीवर आखलेल्या रेषांकडे बघायचा, आपण कुठल्या रेषेवर उभे आहोत त्यावरून कडं कुठे असणार याचा हिशोब मनात करायचा, आणि बास्केटकडे जवळजवळ पाठ करून हात डोक्यावरून फिरवत चेंडू टाकायचा. अंधारात आपल्याच घरातला दिव्याचा खटका हाताला बरोबर सापडतो, तसं ते होतं. हॅन्सब्रो-जॉर्डनच्या वादात त्याचं नाव क्वचित येतं, कारण त्याला खेळताना पाहिलेलं आता जवळजवळ कुणी उरलेलं नाही.

कसोटी स्वच्छ आहे, तिच्यात लागेबांधे नाहीत. पण पुरस्कार माणसंच देतात, आणि ती आपल्या काळाचीच असतात. या आठांत चार्ली स्कॉट नाही. त्यामुळे मला हा सगळा वाद नुसत्या क्रीडाप्रेमापेक्षा जड वाटतो.

स्कॉट न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. १९६६ मध्ये चॅपेल हिलला आला तो तिथला शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून. आधी त्याचा ओढा त्याच राज्यातल्या डेव्हिडसन कॉलेजकडे होता, पण त्या गावातल्या एका हॉटेलात त्याला वाढायला नकार दिला आणि त्याचं मन फिरलं. पहिलं वर्ष नियमामुळे गेलं. पुढच्या तीन वर्षांत २,००७ गुण, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, आणि संघ लागोपाठ दोनदा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत. मार्च १९६९, एसीसी स्पर्धेचा अंतिम सामना, समोर ड्यूक: स्कॉटचे ४० गुण, त्यातले २८ उत्तरार्धात. तरी गटातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९६९ ला दुसऱ्याला गेला, साउथ कॅरोलायनाच्या जॉन रोश याला. १९७० ला पुन्हा त्यालाच. रोश चांगला खेळाडू होता. पण स्कॉटला कारण वेगळं दिसत होतं, आणि ज्यांनी तो काळ पाहिला त्यातल्या अनेकांनाही. इतका दुखावला की पुढच्या सामन्यांत खेळायलाच नको असं त्याच्या मनात आलं. समजूत घातल्यावर उतरला. समोर नेमकं डेव्हिडसन. ३२ गुण केले आणि अखेरच्या क्षणी चेंडू टाकून ८७-८५ असा सामना जिंकून दिला, त्याच कॉलेजविरुद्ध.

आपल्याच गटात त्याला पहिलं मानलं नाही, मग देशातला पहिला तो कुठून होणार? म्हणून छताखाली त्याची जर्सी आहे, पण 'सन्मानित'च्या रांगेत. नियम लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. मात्र जुना अन्याय त्या नियमातून गाळून निघालेला नाही, तो त्यातच राहिला आहे. राष्ट्रीय हॉल ऑफ फेमनं स्कॉटला २०१८ मध्ये घेतलं. घराण्याच्या यादीत माझ्या मते तो पहिल्या तिघांत हवा. गुण, पदक, जिंकून दिलेले सामने हे सगळं आहेच, शिवाय त्याच्यामुळे दार उघडलं. फोर्ड, वर्दी, जॉर्डन त्याच दारातून आले.

जिंकून देतो तोच मोठा, नाही का?

ही कसोटी ऐकायला खणखणीत आहे. पण पाच जणांच्या खेळात विजेतेपद एकाच्या नावावर चढवायचं कसं? १९५७ चा निर्णायक क्षण क्विगचा. १९८२ ला सर्वाधिक गुण वर्दीचे, शेवटची फेक जॉर्डनची. २००९ ला हॅन्सब्रो होता, तरी त्या वर्षी एसीसीचा सर्वोत्तम खेळाडू त्याचाच साथीदार टाय लॉसन, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीचा सर्वोत्तम वेन एलिंग्टन.

शिवाय स्पर्धेत शिरणंच एके काळी किती अवघड होतं! १९५७ ला राष्ट्रीय स्पर्धेत अवघे २३ संघ होते. १९७४ पर्यंत एका गटातून एकच संघ जायचा, आणि एसीसीत तो गटाच्या स्पर्धेचा विजेता. वर्षभर जिंकून मार्चमध्ये एका संध्याकाळी घसरलं की हंगाम आटोपला. आज त्याच गटातून चार-पाच संघ सहज जातात.

विजेतेपद हाच मापदंड धरला तर फिल फोर्ड बाद होतो, आणि हे मला मान्य नाही. एकच नाव घे म्हटलं तर मी फोर्डचं घेईन. रॉकी माउंटचा, म्हणजे याच राज्यातला. १९७४ ते ७८, २,२९० गुण. तीस वर्षं हा घराण्याचा विक्रम होता, डिसेंबर २००८ मध्ये हॅन्सब्रोनं तो मोडला. १९७६ चं ऑलिंपिक सुवर्ण, १९७८ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू. पण माझं कारण आकड्यांत नाही.

संघ पुढे असला आणि वेळ थोडा उरला की स्मिथ 'फोर कॉर्नर्स' लावत. चार खेळाडू मैदानाच्या अर्ध्या भागाच्या चार कोपऱ्यांत, मधली सगळी जागा मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत चेंडू घेऊन एकटा फोर्ड. तो एक हात वर करायचा, चार बोटं दाखवायचा, आणि चॅपेल हिलच्या प्रेक्षकांना कळायचं की सामना संपला. शॉट क्लॉक नव्हता. अंगावर आलात तर बाजूनं निसटून थेट कड्याखाली, नाही आलात तर चेंडू खेळवत बसणार. अंगणात हुतूतू खेळताना एखादा पोरगा हातालाच लागत नाही, आणि त्याला पकडता पकडता सगळे दमतात, तसं. १९७७ ला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, पण तोवर फोर्डचं कोपर दुखावलं होतं आणि मार्केट विद्यापीठाकडून ६७-५९ असा पराभव झाला. ते एक विजेतेपद हातचं गेलं.

पुढे १९८२ च्या एसीसी अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनानं व्हर्जिनियाविरुद्ध जवळपास सात मिनिटं चेंडू धरून ठेवला आणि ४७-४५ असा जिंकला. टीव्हीवर ते बघून देश वैतागला. शॉट क्लॉक लवकर यायला जी कारणं झाली त्यात या सामन्याचं नाव घेतात. शॉट क्लॉक आला आणि फोर कॉर्नर्स संपलं. म्हणजे फोर्ड ज्या विद्येत बिनतोड होता ती आता खेळातच उरलेली नाही. ती एनबीएत नव्हती, दुसऱ्या घराण्यांत इतकी मुरली नव्हती. एखादी बंदिश एकाच घरात गायली जावी आणि ती गाणारा गळा पुन्हा निपजू नये, तसं झालं. घराण्याचा सर्वांत थोर म्हणजे कोण, याचा मी एवढाच अर्थ लावतो: ज्याचं मोठेपण या घराबाहेर मोजताच येत नाही तो. भाच्याला हे पटलेलं नाही. त्याचं आता हॅन्सब्रोवर आलंय.

इथून पुढे असा कुणी होईल?

ही शंका हल्ली फार ऐकू येते. जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना आपल्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या वापराचे पैसे घेता येतात. माझ्या मते हे होणं न्याय्यच होतं. ज्यांच्या जोरावर साडेएकवीस हजार खुर्च्या भरतात त्यांना काहीच मिळू नये, हे फार दिवस चाललं. त्याच वर्षी आणखी एक नियम सैल झाला. पूर्वी विद्यापीठ बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागे. आता तसं नाही, त्यामुळे खेळाडू दरवर्षी घर बदलू शकतो. चार वर्षं एकाच छताखाली ही गोष्ट अपवाद होत चालली आहे. डेव्हिस आणि बेकॉट पाच वर्षं थांबले याचं चॅपेल हिलला इतकं कौतुक आहे ते त्यामुळेच.

आणि मग केलेब लव्ह येतो. २ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लिन्स, जिथे जॉर्डननं ती फेक टाकली तेच स्टेडियम. राष्ट्रीय स्पर्धेत कॅरोलायना आणि ड्यूक पहिल्यांदाच समोरासमोर, तेही उपांत्य सामन्यात. ड्यूकचे प्रशिक्षक माइक शशेफ्स्की, ज्यांना सगळे 'कोच के' म्हणतात, निवृत्त होणार होते. शेवटच्या अर्ध्या मिनिटात लव्हनं हात लांब करून आलेल्या सात फुटी खेळाडूच्या डोक्यावरून तीन गुणांची फेक टाकली. त्याचे २८ गुण, ८१-७७, आणि कोच के यांची कारकीर्द त्या रात्री संपली. चॅपेल हिलची फ्रँकलिन स्ट्रीट रात्रभर निळी होती. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात मध्यंतराला पंधरा गुणांनी पुढे असूनही कॅन्ससकडून हार झाली, तरी त्या फेकीचं मोल कुणी कमी मानलं नाही.

वर्षभरानं लव्ह कॅरोलायना सोडून ॲरिझोनाला गेला. तिथे २०२४ ला त्यांच्या गटातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा ड्यूकच समोर आलं. ॲरिझोना १००-९३ हरलं, लव्हचे ३५ गुण. भाच्यानं तो सामना बघितला होता. सांगत होता की खोलीतली सगळी कॅरोलायनाची माणसं ॲरिझोनाच्या जर्सीतल्या त्या मुलासाठी ओरडत होती, आणि सामना संपल्यावर त्यांच्यातच भांडण लागलं की याला आपल्या यादीत घ्यायचा की नाही.